कॅराव्हॅन आणि चार बोटं

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. माझ्या मोजण्यात चूक झाली, असा एक प्रवाद आमच्या सोसायटीत आहे. हा प्रवाद खोटा, निराधार आणि समोरच्या वहिनींनी पसरवलेला आहे. ज्या माणसाने उभी हयात वजन-मापे खात्यात घालवली, दुकानदारांचे तराजू तपासता तपासता ज्याची मान एका बाजूला कलली आणि निवृत्तीच्या दिवशी ज्याला घड्याळाऐवजी पोलादी टेप भेट मिळाली, त्याची चूक निदान मोजण्यात तरी होत नसते. माझं माप बरोबरच होतं. मी मोजल्यानंतर जग बदललं, त्याला मी काय करणार?

तर झालं असं, की ही एम.ए. झाली.

ही म्हणजे आमची ही. विषय तत्त्वज्ञान, त्यातही खास तर्कशास्त्र. मी विचारलं होतं, तर्कशास्त्रच का? तर म्हणाली, "इतकी वर्षं तुमच्याशी वाद घालतेय, एकदा त्याचे नियम तरी कळू देत." सगळा अभ्यास घरबसल्या. पुस्तकं टपालाने यायची, उत्तरं टपालाने जायची. परीक्षासुद्धा आमच्याच गावातल्या शाळेत, लहान मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन झाली. विद्यापीठ तिने पाहिलं होतं ते फक्त पाकिटावरच्या छापात. त्यात एक घुमट असायचा आणि त्यातला अर्धा नेहमी तिकिटाखाली गेलेला असायचा.

पदवीदानाचं बोलावणं आलं तेव्हा ही म्हणाली, "पदवी मला पोस्टाने नको. तिथे त्या घुमटाखाली उभी राहून घेणार. माझं नाव तिथे मोठ्याने वाचलेलं मला ऐकायचंय. बाकी काही नको."

मी म्हटलं, "एवढंच ना?"

आमच्या संसारात जी जी संकटं आली, त्यांची सुरुवात याच दोन शब्दांनी झालेली आहे.

विद्यापीठाचं गाव लहान. एरवी तिथे विद्यार्थी आणि त्यांची वाट बघणारे झेरॉक्सवाले, याखेरीज कुणी नसतं. पण पदवीदानाच्या आठवड्यात सगळ्या पदवीधरांचे सगळे नातेवाईक एकदम येऊन कोसळतात. मी लॉजवाल्यांना फोन लावले. एकाने सांगितलं, "खोल्या भरल्यात." दुसऱ्याने सांगितलं, "गच्चीसुद्धा भरलीय." तिसऱ्याने माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडे एखादी खोली आहे का? माझ्याच साडूची सोय व्हायचीय."

अशा वेळी सामान्य माणूस हात टेकतो. मी वर्तमानपत्र उघडलं. आतल्या पानावर जाहिरात होती: 'चाकांवरचं घर! कॅराव्हॅन भाड्याने मिळेल. पलंग, ओटा, बेसिन, एसी. ड्रायव्हरसह.' शेजारी चित्र. चित्रात एक गृहस्थ तळ्याकाठी खुर्ची टाकून बसलेले, मागे पांढरी शुभ्र गाडी, गाडीच्या दारात त्यांची बायको हसत हसत चहाचा कप पुढे करतेय.

मी ते चित्र हिला दाखवलं. हिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यात चहा कोण करतंय?"

तर्कशास्त्राचे दुष्परिणाम असे घरात जाणवायला लागले होते. तरी मी कॅराव्हॅन ठरवून टाकली.

ही बातमी मी सोसायटीत कुणालाही सांगितली नाही. फक्त भूगोल मास्तरांना सांगितली, तीही जिन्यात, हळू आवाजात. भूगोल मास्तर दुसऱ्या मजल्यावर राहतात. निवृत्त होऊन जमाना झाला, पण अजून कुणी 'कसं काय?' विचारलं तरी आधी उत्तर दिशा कुठली ते सांगतात. संध्याकाळपर्यंत सगळी सोसायटी आमच्या बैठकीच्या खोलीत होती.

"नदीच्या रस्त्याने जाऊ नका," मास्तर म्हणाले. "तिथे गाळाची जमीन आहे."

"रस्ता डांबरी आहे हो, मास्तर."

"वरून डांबरी आहे. खाली गाळच आहे. मी शिकवलाय."

समोरच्या वहिनी सध्या वजन कमी करायच्या खटपटीत असल्यामुळे उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या नणंदेच्या दिरांनी अशीच गाडी घेतली होती. आतलं बेसिन तुंबलं. तेव्हापासून दोघं भाऊ बोलत नाहीत." बेसिनचा आणि भावांचा संबंध त्यांनी उलगडून सांगितला नाही. वहिनी कुठलीही गोष्ट शेवटाकडून सांगतात आणि मधला भाग आपण आपला भरून घ्यायचा असतो.

कुणी म्हणालं काठोकाठ पाणी भरून घ्या, कुणी म्हणालं पाणी घेऊच नका, वजन वाढतं. गाडीतला पलंग कुठल्या बाजूला असतो, रिव्हर्स घेताना चहा सांडतो का, वाटेत टपाल आलं तर कुठल्या पत्त्यावर येणार, अशी चर्चा रंगली. सगळे मला प्रश्न विचारत होते आणि मी जाहिरातीतल्या गृहस्थांसारखा मान हलवत होतो. ही चहा घेऊन आली. सगळ्यांनी कप उचलले आणि परत माझ्याकडे वळले. हिची एम.ए. कशात, हे कुणीच विचारलं नाही.

सगळे गेल्यावर ही कप गोळा करताना म्हणाली, "अहो, आपण माझ्या पदवीला चाललोय की तुमच्या गाडीला?"

"दोन्ही एकच," मी म्हटलं.

"एकच नाही. एकात दुसरं बसलंय. कशात काय, ते आत्ता सांगता येत नाही."

पहिला अडथळा आणला सेक्रेटरींनी. आमचे सेक्रेटरी म्हणजे नियमांचा पुतळा. सोसायटीच्या गेटावर जी सिमेंटची कमान आहे, तिच्यावर त्यांच्या कैलासवासी वडिलांचं नाव आहे. ते सोसायटीचे संस्थापक. त्यामुळे कमानीखालून येता-जाता सेक्रेटरी थोडे वाकतात. पितृभक्ती असावी, किंवा कंबरदुखी. त्यांच्या रक्तदाबामुळे डॉक्टरांनी त्यांना वजन उतरवायला सांगितलंय, पण ते म्हणतात, वजनाबद्दल उपविधीत काही नाही.

"गाडी आत उभी करायची तर ती गाडी आहे की घर, हे आधी ठरलं पाहिजे," ते म्हणाले. "गाडी असेल तर पार्किंगच्या पट्ट्यात मावली पाहिजे. मावणार नाही. घर असेल तर आवारात वाढीव बांधकाम होतं. होऊ देणार नाही. तुम्ही अधिकृत काय ते विचारून या."

मी परिवहन कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, "आत पलंग आहे?"

"आहे."

"ओटा?"

"आहे."

"बेसिनला पाणी येतं?"

"येतं."

"माझ्या क्वार्टरमध्ये येत नाही," साहेब म्हणाले. "हे घर झालं. घरांचं ऑफिस समोरच्या इमारतीत."

समोरच्या इमारतीत एक बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्म्यावरून विचारलं, "चाकं किती?"

"सहा."

"सहा चाकांच्या घराला दाखला दिला आणि उद्या ते निघून गेलं, तर घरपट्टी मी कुणाच्या मागे धावत वसूल करू?"

मी परत पहिल्या इमारतीत गेलो. साहेब जेवायला गेले होते. जेवून येईपर्यंत समोरच्या बाई जेवायला गेल्या. दोन्ही कार्यालयांमधल्या रस्त्यावरच्या चहावाल्याने मला दिवसभरात इतक्या वेळा पाहिलं, की शेवटी त्यानेच विचारलं, "तुमची बदली झालीय का इकडे?"

मी रिकाम्या हातांनी आलो. तोंड पडलेलं बघून हिने कारण विचारलं, मी सांगितलं. ही तशीच खाली गेली आणि सेक्रेटरींना म्हणाली, "भाऊजी, गाडी आणि घर या दोनच शक्यता आहेत असं कुणी सांगितलं? आत राहते, खाते, पाणी वापरते आणि दोन-चार दिवसांनी निघून जाते, याला आपण काय म्हणतो?"

सेक्रेटरींनी विचार केला. "पाहुणा," ते म्हणाले.

"पाहुण्याला सोसायटीची परवानगी लागते?"

लागत नव्हती. सेक्रेटरींनी पाहुण्यांच्या रकान्यात कॅराव्हॅनची नोंद केली. 'नातं' या जागी मात्र त्यांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि शेवटी 'लांबचं' असं लिहिलं.

कॅराव्हॅन आली. चित्रापेक्षा मोठी होती आणि चित्रापेक्षा पिवळी. टपावर एसीचा एक ठोकळा होता. मी आधीच गेटावर उभा होतो. कमानीची उंची मोजली, गाडीची ठोकळ्यासकट उंची मोजली. चार बोटं जागा राहत होती. ही चार बोटं मी आडवी धरून सगळ्यांना दाखवली. गाडी कमानीखालून मुंगीच्या पावलाने आत आली आणि माझ्या हिशेबाप्रमाणे वर बरोबर चार बोटं उजेड दिसला. भूगोल मास्तरांनी टाळी वाजवली. निवृत्तीनंतरचा माझा तो सर्वोच्च क्षण होता. तो तिथेच संपायला हवा होता.

गाडीबरोबर ड्रायव्हर आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. खाली उतरून त्याने पहिला प्रश्न विचारला, "पेशंट आडवा आहे की बसलेला?"

कळलं ते असं, की हा मनुष्य आयुष्यभर अँब्युलन्स चालवत होता. महिन्यापूर्वी ती नोकरी सोडून कॅराव्हॅनवर आला. हात साफ होता, नजर पक्की होती, पण सवयी जुन्या. एक महत्त्वाची सवय त्याने आपण होऊन सांगितली, "साहेब, मी हायवेला लागलो की थांबत नाही. काय लागेल ते आधीच घेऊन बसायचं. मी थांबलो आणि पेशंटचं काही झालं, तर जबाबदार कोण?"

"पण आमच्यात पेशंट नाही," मी म्हटलं.

"निघताना नसतो," तो म्हणाला.

निघायच्या आधी रंगीत तालीम करायची, हा आमच्या घराचा शिरस्ता आहे. मुंज असो, मुलाखत असो की दातांची कवळी, आम्ही आधी एकदा करून बघतो. म्हणून आवारातच गाडीत दोन दिवस राहायचं ठरलं. आम्ही पायऱ्या चढून गाडीत राहायला गेलो आणि सोसायटी आम्हाला बघायला आली. वहिनींनी ओटा उघडझाप करून पाहिला. मास्तरांनी पलंगावर पडून, पाय उत्तरेला येतात, असं जाहीर केलं. सेक्रेटरी बेसिनच्या काठावर टेकले आणि बराच वेळ उठले नाहीत. म्हणाले, "इथे बरं वाटतंय." माझ्या मोजमापाचं कौतुक करायला लोक येत राहिले आणि हिला तिच्याच चाकांवरच्या घरात पदवीदानासाठी शिवून घेतलेला गाऊन घालून बघायला जागा मिळेना. शेवटी तिने खऱ्या घरात जाऊन तो घालून पाहिला आणि तशीच खाली आली. काळा घोळदार गाऊन, खांद्यावर लाल पट्टा. मी म्हटलं, "छान!" आणि मग एसीचं बटण कुठे असतं ते एका नवीन पाहुण्याला दाखवायला वळलो. हे मी मुद्दाम सांगत नाही, ओघात आलं.

आता इथे स्पीडब्रेकरचा इतिहास सांगणं भाग आहे.

आमच्या गेटातून तरुण मंडळी स्कूटर भरधाव आणतात. तिथे गतिरोधक बांधावा, असे अर्ज मी निवृत्त झाल्यापासून सोसायटीकडे करत आलो आहे. 'गतिरोधक' हा शब्द मी इतक्या वेळा लिहिलाय, की सही करताना एकदा आडनावाच्या जागी तोच आला. सेक्रेटरी दर वेळी म्हणायचे, "विचाराधीन आहे." पण आमचा हा धिप्पाड पाहुणा आत येताना बघून त्यांच्या मनाने घेतलं, की आज ही गाडी आली, उद्या ट्रक येतील. तालमीच्या पहिल्याच सकाळी मला ठोकाठोकीचा आवाज आला. बाहेर येऊन बघतो तो गवंडी, सिमेंट, घमेली. कमानीच्या बरोबर खाली माझ्या अर्जांना अखेर आकार येत होता!

मला भरून आलं. सेक्रेटरी माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्या चिकाटीला सोसायटीचा सलाम." गवंडी जरा उंचवटा करून थांबणार होता. पण मी असा सोडणार होय? टेप काढली. "हा काय गतिरोधक झाला? ही तर उशी झाली. नियमाप्रमाणे उंची भरली पाहिजे." त्याने आणखी सिमेंट ओतलं. मी आणखी मोजलं. पूर्ण वीतभर झाला तेव्हाच मी हात खाली घेतला. तो ओला असल्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या आतच राहिल्या, आणि आम्ही आदल्या दिवशी निघायचं ते समारंभाच्याच सकाळी निघायचं ठरलं. आपल्याच मागणीसाठी एक दिवस थांबणं, ही नागरिकाला शोभणारी गोष्ट आहे, असं मी हिला सांगितलं.

ही म्हणाली, "समारंभ दुपारी आहे. सकाळी निघालो तर पोचतो. पण सकाळी निघालंच पाहिजे."

समारंभाच्या सकाळी ही गाऊन घालूनच गाडीत बसली. ड्रायव्हरने विचारलं, "पेशंट बसला?" मी हो म्हटलं. निरोप द्यायला सगळी सोसायटी लुंग्या, गाऊन, बनियन अशा वेषात उतरली होती. गाडी कमानीकडे निघाली, पुढची चाकं डौलात स्पीडब्रेकरवर चढली आणि वरून 'खट्ट' असा आवाज आला. एसीचा ठोकळा संस्थापकांच्या आडनावाला टेकला होता.

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी टेप काढली आणि कमान मोजली. कमान होती तेवढीच होती. गाडी मोजली. तीही होती तेवढीच होती.

"जमीन वर आलीय," भूगोल मास्तर म्हणाले. नोकरीत इतकी वर्षं काढून त्यांना पहिल्यांदाच भूगोल प्रत्यक्ष घडताना दिसत होता.

"फोडा तो स्पीडब्रेकर," वहिनी म्हणाल्या.

"ठरावाने बांधलेली गोष्ट ठरावानेच फुटते," सेक्रेटरी म्हणाले. "सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल. नोटीस द्यावी लागेल."

"मग कमानीचं थोडं खरवडा."

"वडिलांचं?" सेक्रेटरींचा आवाज कापला.

"टायरची हवा काढा," मास्तर म्हणाले.

ड्रायव्हरने नकारार्थी मान हलवली. "भरायची कुठे? पंप हायवेवर. चपट्या टायरवर पेशंट न्यायचा नसतो."

"एसी काढून ठेवा."

"काढला तर टपाला भोक. पाऊस आला तर पेशंट भिजेल."

मग बोलाचाली सुरू झाली. कुणी म्हणालं गाडी तिरकी घ्या, कुणी म्हणालं वेगात घ्या, कुणी म्हणालं मी आधीच सांगितलं होतं. काय सांगितलं होतं ते कुणीच सांगेना. मी मध्ये उभा राहून, माझं माप कसं बरोबर होतं ते समजावत होतो आणि मला जाणवलं, की मी ते बऱ्याच मोठ्याने समजावतोय. तेवढ्यात गाडीचं दार उघडलं आणि ही पायरीवर उभी राहिली. काळ्या गाऊनमध्ये, लाल पट्ट्यासकट. ही काही ओरडली नाही. फक्त म्हणाली, "माझं नाव दुपारी वाचणार आहेत. आणि तिथे मी नसेन."

मला वाटतं, आपण कुणाच्या गाडीचा नाही, कुणाच्या तरी पदवीचा विचार करायचाय, हे तिथे पहिल्यांदाच सगळ्यांच्या लक्षात आलं. माझ्यासुद्धा.

"वर जागा होत नाही," ही पुढे म्हणाली. "जमीन खाली जात नाही. मग राहिलं काय? गाडी. गाडी खाली दाबायची. गाडी स्प्रिंगवर असते ना हो, दादा?"

"असते," ड्रायव्हर म्हणाला. "माणसं भरली की बसते."

"झालं तर मग. सगळे आत बसा."

वजन-मापे खात्यात तीस वर्षं घालवलेला माणूस तिथे उभा होता आणि वजन हा उपाय त्याला सुचला नव्हता. मी टेप खिशात टाकली.

लोक चढायला लागले. जन्मात पहिल्यांदा आमच्या सोसायटीत वजनाला मान मिळत होता. वहिनी पायरीशी घुटमळल्या आणि कुरकुरल्या, "नेमकं गेल्या महिन्यात कमी केलं हो मी." मास्तर किडकिडीत, त्यांना कुणीतरी ज्ञानकोशाचे खंड हातात घेऊन यायला सांगितलं, तर ते खरंच घेऊन आले. मी बाहेर थांबून वरची जागा बघत होतो. एकेक माणूस चढला की गाडी थोडी खाली यायची. सगळे झाले, तरी केसभर कमीच होतं. बाहेर फक्त सेक्रेटरी उरले होते.

"मी कसा बसू?" ते म्हणाले. "मी या बाबतीत तटस्थ असायला हवं."

ही आतून म्हणाली, "भाऊजी, पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायचं असतं."

सेक्रेटरी चढले आणि थेट जाऊन बेसिनच्या काठावर बसले. गाडीने एक सुस्कारा टाकला आणि खाली बसली. "हाण!" मास्तर ओरडले. ड्रायव्हरने गाडी सोडली. मी पळत पळत पायरीला लटकलो. वर 'खर्रर्र' असं काहीतरी झालं आणि आम्ही बाहेर होतो! संस्थापकांच्या नावातली शेवटची वेलांटी फक्त थोडी घासली गेली. सेक्रेटरींनी डोळे मिटून घेतले होते, ते अजून मिटलेलेच होते.

"चला, आता आम्हाला उतरवा," वहिनी म्हणाल्या.

ड्रायव्हर थांबलाच नाही. तो हायवेला लागला होता.

पहिला अर्धा तास नुसती आरडाओरड. माझा गॅस चालू आहे, माझं दूध, माझी लुंगी. ड्रायव्हरला कुणी तरी खांद्याला हलवलं, तर तो म्हणाला, "पेशंटच्या नातेवाइकांनी केबिनमध्ये यायचं नाही." मग ही म्हणाली, "आणि उतरून काय करणार? संध्याकाळी परत आत जायचंय. तुम्ही नसाल तर गाडी कमानीखालून जाणार कशी?" यात तर्क इतका बिनतोड होता, की लोकांनी मुकाट्याने आपापली जागा नीट करून घेतली. कुणी तरी ओट्यावर चहा टाकला. जाहिरातीतल्यासारखा कप माझ्याकडे आला, पण देणारे भूगोल मास्तर होते.

आणि मग वहिनींनी विचारलं, "पण काय गं, तुझी एम.ए. कशात झाली?"

हिने सांगायला सुरुवात केली. नदीचा पूल गेला, मास्तरांचा गाळ गेला, ही सांगत होती. सगळी माणसं मर्त्य आहेत, सेक्रेटरी माणूस आहेत, म्हणून सेक्रेटरी मर्त्य आहेत, हे उदाहरण सगळ्यांना पटलं. खुद्द सेक्रेटरींनी मात्र, हे सभेत मांडावं लागेल, असं मत दिलं.

विद्यापीठाच्या गावात शिरलो आणि समोर घुमट दिसला. आख्खा. त्याच्यावर तिकीट नव्हतं. ही बोलता बोलता थांबली.

पण रस्ता माणसांनी गच्च भरलेला. जिकडे बघावं तिकडे काळे गाऊन आणि फोटो. गाडी इंचभर सरकेना. ड्रायव्हरने जन्मभर जे केलं तेच केलं. खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, "पेशंट आहे, पेशंट! बाजूला व्हा!" गर्दी दोन्हीकडे दुभंगली. काही प्राध्यापकसुद्धा गटारात उतरले. मी आयुष्यात कधी सिग्नल तोडलेला नाही. मी मान खाली घालून बसलो. गाडी थेट सभागृहाच्या पायऱ्यांशी जाऊन थांबली. आज पहिल्यांदाच.

दारावरचा सिक्युरिटीवाला धावत आला. "पेशंट कुठाय?"

ड्रायव्हरने मागचं दार उघडलं. आत एकमेकांवर रेलून बसलेली, लुंग्या आणि बनियन घातलेली, घामाघूम माणसं. एक गृहस्थ ज्ञानकोश पोटाशी धरून. एक बेसिनवर.

"सगळेच?" तो म्हणाला. मग जरा सावरून, "हे काय आहे? गाडी आहे की काय आहे? आणि ही सगळी कोण?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. ही गाऊन सावरत उतरली आणि म्हणाली, "हे माझं माहेर आहे."

सिक्युरिटीवाल्याने पुन्हा एकदा आत पाहिलं. "माहेर मोठं आहे," तो म्हणाला. "पास एकालाच आहे. पण खिडक्यांना पास लागत नाही."

आत गेलो तर टेबलाशी बसलेल्या गृहस्थांनी यादीवर बोट ठेवलं. "तत्त्वज्ञान संपलं."

"तत्त्वज्ञान असं संपत नसतं," ही म्हणाली.

"म्हणजे नावं वाचून झाली हो, बाई. आता पदवी उद्या खिडकीवर मिळेल."

"खिडकीवर घ्यायची असती तर मी पोस्टानेच घेतली असती." हिचा आवाज पहिल्यांदाच थोडा हलला. मी पुढे झालो. मला वाटतं, खिशात हात घालून मी टेपसुद्धा चाचपली. पण गृहस्थांनी हिच्याकडे पाहिलं, दाराबाहेरच्या गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "शेवटी गैरहजरांची नावं एकदा वाचतात. त्या वेळी माणूस उभा असला तर देतात. कडेला उभ्या राहा. आणि टाळ्या वाजवायच्या नाहीत. सगळ्यांसाठी एकदम, शेवटी. नियम आहे."

आम्ही कडेला उभे राहिलो. एकेक नाव वाचलं जायचं आणि शांततेत विरून जायचं. कुणी उभंच नव्हतं. मग हिचं नाव आलं. हिचं नाव, मध्ये माझं नाव, मग आडनाव. घुमटाखाली मोठ्याने, स्वच्छ, एकही अक्षर न गाळता. हिच्याबरोबर मी मधल्या मध्ये फुकट व्यासपीठावर जाऊन आलो.

ही चालायला लागली. सभागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. माझे हात टाळीसाठी वर आले आणि हवेतच अडकले. जन्मभर नियम पाळलेले हात, ते काय करणार? आणि तेवढ्यात डाव्या बाजूच्या खिडकीतून एक जोरदार शिट्टी आली. दोन बोटं तोंडात घालून मारलेली, चौकातली, थेट शिट्टी. मी वळून पाहिलं. खिडकीत सेक्रेटरी होते.

मग सगळ्या खिडक्या वाजायला लागल्या. वहिनी टाळ्या वाजवत होत्या, मास्तर खंडावर खंड आपटत होते. माझे हात सुटले. कुलगुरूंनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं, हसले आणि पदवी हातात दिली. परत येताना हिचे डोळे भरलेले होते. मला म्हणाली, "ऐकलंत ना? पूर्ण वाचलं."

"मी तर दोनदा ऐकलं," मी म्हटलं. कसं काय, ते मला सांगता आलं नाही, पण हिनेही तर्क लावला नाही.

परतीच्या वाटेवर कुणालाही काही सांगावं लागलं नाही. सकाळी जो जिथे बसला होता, तिथेच बसला. मास्तरांनी खंड मांडीवर घेतले. सेक्रेटरी बेसिनवर. पदवी हातोहात फिरली. प्रत्येकाने आधी लुंगीला हात पुसले. निम्म्या वाटेवर आल्यावर ही म्हणाली, "अजून एक सांगायचंय. मी तिथे पीएच.डी.साठी नाव घालून आलेय."



"म्हणजे परत एकदा यावं लागेल?" मास्तरांनी विचारलं.

"चार-पाच वर्षांनी. प्रबंध झाला की."

सगळे खूश झाले. तारखेबद्दल, डब्याबद्दल, या वेळी कुणी काय आणायचं याबद्दल एकदम बोलाबोली सुरू झाली. फक्त वहिनींचा चेहरा उतरला.

"पण तोपर्यंत माझं वजन कमी झालं तर?" त्या म्हणाल्या. "मग ही गाडी बाहेर कशी पडायची?"

प्रश्न गंभीर होता. सगळ्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी डॉक्टरांचा विचार केला असावा, वडिलांच्या वेलांटीचाही केला असावा. मग ते बेसिनवर ताठ बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "आपल्या या एम.ए. वहिनींच्या प्रबंधाचं काम पूर्ण होईपर्यंत सोसायटीच्या कुठल्याही सभासदाने वजन कमी करू नये, असा ठराव मी मांडतो."

मी अनुमोदन दिलं. ठराव एकमताने मंजूर झाला.